शिडी धरणारा

नाताळ जवळ आला हें मला थंडीवरून कधीं कळत नाहीं. समुद्रकांठच्या आमच्या वसईंत थंडी ती केवढी पडणार! तें कळतें देवळाच्या दारांतील फळ्यावरून. (चर्चला आमच्याकडील जुनीं माणसें देऊळच म्हणतात, व या लेखांत मीहि तोच शब्द वापरणार आहें.) आगमनकाळाचा पहिला रविवार आला, वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकीं पहिली पेटली, आणि मिस्सा आटोपून मंडळी बाहेर पडूं लागली, कीं त्या फळ्याभोंवतीं घोळका जमतो. आमच्या उपासनेचें वर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. तें या रविवारीं सुरू होतें, आणि त्याचा आरंभ एका यादीनें होतो. कोणत्या आळीनें कोणत्या शनिवारीं देऊळ झाडावयाचें, पितळेचीं भांडीं कोणीं घांसावयाचीं, फुलें कोणाच्या बागेंतून यावयाचीं, गायनवृंदाची तालीम किती वाजतां, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरीं फादरांबरोबर कोणीं जावयाचें, आणि नाताळच्या रात्रीं दारांतल्या मोटारी कोणीं आवरावयाच्या, हें सारें त्या एका कागदावर असतें. विद्यापीठाच्या निकालाच्या वेळीं जमतात तसेच लोक येथेंहि खांद्यावरून माना काढून वाचीत असतात. फरक इतकाच कीं तेथें नांव नसलें तर मनुष्य खट्टू होतो, येथें असलें तर!

बारकाईनें पाहिल्यास त्या यादींत दोन प्रकारचीं कामें आढळतात; एक मानाचीं आणि दुसरीं घामाचीं. माझें नांव गेलीं वीस-बावीस वर्षें पहिल्या प्रकारांत ठरलेलें होतें. नाताळच्या रात्रीच्या मिस्सेंत यशयाच्या ग्रंथांतील पाठ वाचावयाचा तो मीं. महाविद्यालयांत शेवटच्या बाकापर्यंत ध्वनि पोंचविण्याची संवय असलेला घसा, शुद्ध उच्चार, योग्य ठिकाणीं विराम. माझ्याखेरीज हें काम दुसऱ्या कोणास जमेल असें मला वाटत नसे, व इतरांसहि वाटत नसावें असा माझा समज होता. झाडलोट, शिड्या, दोऱ्या यांपासून मी माझ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांआड सुरक्षित असें. माझी आई हयात होती तोंवर दर नाताळांत एकदां तरी म्हणे, “देवळांत तुझा आवाज ऐकू येतो रे, पण तुझा झाडू कधीं ऐकू येत नाहीं.” मी हंसून सोडून देत असें.

गेल्या वर्षीं फळ्यावर पाहतों तों यशयाच्या पाठापुढें महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या एका मुलीचें नांव! माझें नांव शोधीत मी खालीं उतरत गेलों. मोटारींच्या व्यवस्थेंत नव्हतें, फराळांत नव्हतें. शेवटीं ‘गोठा’ या शब्दापुढें तें सांपडलें, आणि त्याच्या शेजारीं माझ्या चुलतभावाचें नांव होतें. त्याच्याशीं मी २०१३ सालापासून बोललों नव्हतों.

आमचे फादर त्याच जूनमध्यें बदलून आलेले. धर्मगुरूंच्या बदल्या दर कांहीं वर्षांनीं होत असतात, त्यामुळें गांवांतील कोण कोणाशीं बोलत नाहीं हा महत्त्वाचा भूगोल नव्या माणसाला ठाऊक नसतो. मीं त्यांची गांठ घेऊन माझ्या घशाची व त्यांच्या अनभिज्ञतेची त्यांना सौम्य शब्दांत जाणीव करून दिली. त्यांनीं हिशेबाच्या वहींतून डोकें वर केलें, माझ्याकडे नखशिखांत पाहिलें आणि म्हणाले, “सर, मला त्या कामाला उंच माणूस हवा होता.” त्यांना कोणी आधींच सांगून ठेविलें होतें कीं काय, हें मला अद्याप कळलेलें नाहीं.

आतां दादाविषयीं. (आमच्या घरची बोली सामवेदी, तींतील संवाद जसेच्या तसे लिहिले तर संपादक ते परत पाठवितील, म्हणून आम्हां दोघांनाहि मी येथें पुस्तकी मराठी बोलावयास लावीत आहें.) माझे वडील व त्याचे वडील सख्खे भाऊ. वांटण्या झाल्या तेव्हां जमीन दोन ठिकाणीं झाली, पण बावखल एकच राहिलें. वसईबाहेरच्या वाचकाला हा शब्द परका वाटेल. बावखल म्हणजे बागाइतांत खणलेला पाण्याचा मोठा खड्डा. विहीर म्हणावी तर तिच्याहून रुंद, तळें म्हणावें तर त्याहून लहान. पावसाचें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें, आणि त्या मुरलेल्या गोड्या पाण्याच्या बळावर, समुद्र इतका जवळ असूनहि, आमच्या केळी व पानवेली जगत आल्या. पूर्वीं त्यावर रहाट असे, पुढें पंप आले. दादा व मी दोघेहि त्याच पाण्यांत पोहावयास शिकलों. म्हणजे तो शिकला, व मला त्यानें ढकलून शिकविलें. तो माझ्याहून चार वर्षांनीं मोठा. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली व तो वाडींत उतरला. मी पदवीधर झालों व लोकल गाडींत चढलों.

२०१३ सालीं मीं मोटार घेतली. ती घरापर्यंत आणावयास वाट नव्हती. बावखलाचा माझ्या वांट्याचा अर्धा भाग भरून काढला कीं वाट होणार होती. अर्धें बावखल बुजवितां येत नाहीं, असें दादा म्हणाला. मीं त्याला कागद दाखविले. ज्या मनुष्यानें मला पोहावयास शिकविलें त्याच्याशीं मी त्या दिवशीं वकिलाच्या भाषेंत बोललों, आणि मधून मधून इंग्रजी शब्द वापरले. तीन दिवसांत डंपरांनीं काम उरकलें. माझा अर्धा भाग भरला आणि त्याचाहि भरला, कारण माती कागदावरची रेघ पाळीत नाहीं. पुढील दोन उन्हाळ्यांत त्याची पानवेल गेली. केळी उरल्या त्या विकतच्या पाण्यावर. २०१८ च्या जुलैंत वसईंत पूर आला, आगगाड्या बंद पडल्या, दिवे गेले, तेव्हां माझ्या दिवाणखान्यांत गुडघाभर पाणी उभें होतें. पिढ्यान् पिढ्या त्या खड्ड्यांत जाणारें पाणी. त्याची जागा मीं मोटारीला दिली, तेव्हां तें माझ्या घरीं राहावयास आलें. दादा दारावरून गेला. त्याच्या तोंडून एक वाक्य येईल म्हणून मी वाट पाहत होतों, व त्यावरचें उत्तरहि मीं तयार ठेविलें होतें. तो कांहींच बोलला नाहीं. पुढें माझी आई वारली त्या दिवशीं तो आला, शवपेटीला खांदा दिला, थडग्यांत मूठभर माती टाकली, आणि घरांत पाऊल न टाकतां परस्पर वाडींत निघून गेला.

दर नाताळापूर्वीं मी पापनिवेदनाला जातों. त्या जाळीपलीकडे मीं बावखलाचा विषय काढला नव्हता असें नाहीं. पण तेथें माझे शब्द ‘नातलगांशीं थोडा बेबनाव’ असे असत. प्राध्यापकाला अमूर्त शब्दांची मोठी सोय असते.

तर अशा स्थितींत आम्ही दोघे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत एका संध्याकाळीं वेदीमागच्या खोलींत एकत्र आलों. बरोबर दहा-बारा वर्षांचीं चार-पांच मुलें व दिव्यांच्या तारा जोडणारा एक रिक्षावाला. कोणी तरी आरंभ करावयास हवा म्हणून मीं गोठ्याचा इतिहास सांगितला. इटलींतील ग्रेच्यो या खेड्यांत संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं नाताळच्या रात्रीं एक गव्हाण मांडली, तींत गवत घातलें, खरा बैल व खरें गाढव आणून उभें केलें, व गोरगरिबांना बेथलेहेम डोळ्यांनीं दाखविलें. ही प्रथा जगभर पसरण्यास तो प्रसंग कसा कारण झाला, हें मीं पंधरा मिनिटें उलगडून दाखविलें. दादा कोपऱ्यांत बांबू सोलीत होता. माझें संपल्यावर तो जवळच्या मुलाला म्हणाला, “सरांना विचार, पेंढा कोठून आणणार?”

पेंढा कोठून आणतात हें मला ठाऊक नव्हतें!

त्या क्षणापासून तो मुलगा आमचा दुभाष्या झाला. “सरांना सांग, सुतळी कमी पडेल.” “काकांना सांग, उद्यां आणतों.” तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचें बोलणें मुलगा मला पुन्हां सांगे, व मीहि गंभीरपणें ऐकून घेई. मला कोणतेंहि काम येत नाहीं हें पहिल्या दोन दिवसांत सिद्ध झालें. बांबूला खांच पाडतां येईना, झावळी विणतां येईना, गेरूच्या पाण्यांत गोणपाट बुडवून डोंगर उभा करावयाचा तर माझा डोंगर निजे. शेवटीं माझ्याकडे शिडी धरण्याचें काम आलें. मागल्या भिंतीवर निळें कापड ताणावयाचें, छप्पर बांधावयाचें, तारा टांगावयाचा, यासाठीं दादा वर चढे व मी खालीं शिडी धरून उभा राही. शिडी धरणाऱ्याला वरच्या माणसाचें तोंड दिसत नाहीं, पाय दिसतात. दादाच्या टांचांना पडलेल्या भेगा मीं तोंवर कधीं पाहिल्या नव्हत्या. आमच्या दोघांच्या आजोबांचे पाय तसेच होते.

शिडी धरून उभें राहणें हें विचारांना फार अनुकूल काम आहे. इतकीं वर्षें मीं देऊळ पाहिलें होतें तें वाचनपीठावरून, पाठ संपवून पुस्तक मिटतांना. तेथून ओळीनें बसलेलीं, धुतलेल्या कपड्यांतलीं माणसें दिसतात. आतां तें मला मागच्या दारानें दिसूं लागलें. बँकेंतला एक अधिकारी दर शनिवारीं रात्रीं मोऱ्या धुतो. बाजारांत मासळी विकणाऱ्या दोघी जावा चिंच व राख घेऊन पितळ घांसावयास बसतात, व त्यांच्या गप्पा ऐकण्यासाठीं मी शिडी भिंतीच्या त्या बाजूला सरकवीत असें. निवृत्त झालेली एक परिचारिका म्हाताऱ्यांची यादी घेऊन येते; कोणाच्या घरीं जिना आहे, कोणाला भाकर गिळवत नाहीं म्हणून फादरांनीं ख्रिस्तप्रसादाचा कणभरच तुकडा द्यावा, हें तिला तोंडपाठ. तालमीच्या वेळीं मागें एक आजीबाई पुस्तकावांचून गुणगुणत बसलेल्या दिसत. माझी आईहि अशीच गुणगुणे. तिच्या लहानपणीं मिस्सा लॅटिनमध्यें होई. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळांत भरली, मग ती मराठींत होऊं लागली, व मराठी गीतें आईनें चाळिशीच्या घरांत नव्यानें पाठ केलीं. आतां नव्या इमारतींतून कोंकणी, तामिळ, मल्याळी कुटुंबें राहावयास आलीं आहेत, व ताऱ्याखालीं झाडू मारतांना कोणती भाषा चालते याचा पत्ता झाडूला लागत नाहीं.

सेंट विन्सेंट दि पॉल यांच्या नांवाच्या मंडळाचीं माणसें रात्रीं उशिरां येत. हें मंडळ १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेदेरिक ओझानाम या विशींतल्या विद्यार्थ्यानें आपल्या सोबत्यांसह काढलें. (माझ्या वर्गांतील विशींतले विद्यार्थी काय काढतात, हा प्रश्न मी येथें उपस्थित करीत नाहीं, मीं स्वतः त्या वयांत कांहीं काढलें नव्हतें.) तांदूळ, डाळ, तेल, साखर यांचे पुडे बांधून ते अंधार पडल्यावरच पोंचवावयाचे असा त्यांचा नियम, म्हणजे घेणाऱ्याला शेजाऱ्यांपुढें अवघडल्यासारखें होत नाहीं. त्यांतला एक पुडा ज्या घरीं गेला तें घर माझ्या ओळखीचें होतें. तेथें अडचण आहे याची मला कल्पना नव्हती. दादाला होती, पत्ता त्यानेंच दिला होता.

माळ्यावरून मूर्तींची पेटी खालीं आली. वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या प्लास्टरच्या मूर्ति. जोसेफ, मरिया, तीन मेंढपाळ, त्यांतील एकाचा हात तुटून पुन्हां चिकटविलेला, अकरा मेंढरें आणि एक उंट. तीन राजे लगेच मांडावयाचे नसतात. त्यांचा सण जानेवारींत, तोंवर ते कपाटांत वाट पाहतात. बाळहि चोवीस तारखेच्या रात्रींच यावयाचें. तेव्हां नाताळापूर्वींचा गोठा म्हणजे कोणाची तरी वाट पाहणारी माणसें व जनावरें एवढेंच असतें. दादानें दहा दिवस आधीं थाळ्यांतून नाचणी पेरून ठेविली होती. तिची बोटभर हिरवळ त्यानें डोंगराच्या पायथ्याशीं अंथरली. उजव्या बाजूस मात्र त्यानें हातभर लांबीची एक आयताकृति जागा मोकळी ठेविली. तेथें हात लावावयास मुलांना मनाई होती. मीं विचारलें नाहीं, म्हणजे विचारावयास मुलाला सांगितलें नाहीं.

तेविसाव्या तारखेच्या संध्याकाळीं तो गोणपाटांत गुंडाळलेली आरशाची कांच घेऊन आला. ती त्या जागेंत ठेवून त्यानें कांठांना ओली माती थापली, मातींत केळीचे अगदीं कोंवळे मुनवे रोविले, आणि कामट्यांचा एक लहानसा रहाट, त्याला बोंडाएवढीं मातीचीं लोटीं बांधलेला, कांचेच्या कडेला उभा केला. तें काम किती रात्रीं चाललें असेल तें त्यालाच ठाऊक. वरचें निळें कापड कांचेंत उतरलें. मी शिडीला हात लावून उभा होतों, तसाच राहिलों.

दुभाष्या वांकून पाहूं लागला. “काका, बेथलेहेमला तळें होतें?”

“तळें नव्हे. बावखल.”

“तें काय असतें?”

दादानें गांठ मारतां मारतां मान वर न करतां म्हटलें, “सरांना विचार.”

मुलगा माझ्याकडे वळला. मीं व्याख्यानाच्या सुरांत आरंभ केला. पावसाचें पाणी, त्याचें मुरणें, जमिनीखालचें खारें व गोडें पाणी. बरें चाललें होतें. मध्येंच त्यानें विचारलें, “आपल्याकडे आहे कुठें?”

“होतें,” मी म्हणालों. “आमचें होतें. दादाचें आणि माझें.”

“मग गेलें कुठें?”

वेदीमागच्या खोलींत पितळेचीं भांडीं लावून ठेवण्याचा आवाज येत होता, तो थांबला असें मला वाटलें; कदाचित् थांबला नसेलहि.

“मीं बुजविलें.”

“का?”

“मोटार आणावयाची होती.”

मुलानें क्षणभर विचार केला, कांचेंत बोट बुडतें का तें पाहिलें, आणि दिव्यांची माळ आणावयास तो बाहेर पळाला. अशा उत्तरानें मुलें हादरत नाहींत. मोटार आणावयाची होती, हें त्याला पुरेसें कारण वाटलें असावें; मलाहि त्या वेळीं वाटलेंच होतें.

खोलींत आम्ही दोघेच उरलों. दादानें हात गोणपाटाला पुसले, कोपऱ्यांतला कागदी तारा उचलला, आणि म्हणाला, “शिडी धर.”

सांगावयास मध्यें कोणी नव्हतें, म्हणून त्याला तें थेट म्हणावें लागलें, असाहि अर्थ होऊं शकतो. मीं शिडी धरली. तारा बांधून होईपर्यंत तो आणखी कांहीं बोलला नाहीं, व मीहि नाहीं.

चोविसाव्या रात्रीं देऊळ भरून बाहेर मांडवापर्यंत माणसें होतीं. (ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळें पुष्कळ ठिकाणीं ही मिस्सा आतां मध्यरात्रीच्या आधींच आटोपते; नांव मात्र मध्यरात्रीचेंच राहिलें आहे.) त्या मुलीनें यशयाचा पाठ वाचला. दोन ठिकाणीं ती अडखळली. पण ज्या ओळीनंतर मी वर्षानुवर्षें सभागृहाकडे दृष्टि टाकण्यासाठीं थांबत असें तेथें ती थांबली नाहीं, आणि त्या दोन ओळी एकमेकींना जोडलेल्या आहेत हें मला प्रथमच ऐकू आलें. फादरांनीं बाळ आणून गव्हाणींत ठेविलें. मुलांची रांग गोठ्यापुढून सरकूं लागली, व बहुतेकांचीं बोटें त्या रहाटाकडे गेलीं.

परततांना मोटार आणली नव्हती. आळींतून पुढें दादा सायकल हातानें ढकलीत चालला होता, आणि मागें दहा पावलांवर मी. माझ्या घराकडे वळणाऱ्या वाटेशीं, म्हणजे जेथें पूर्वीं पाण्याची कड होती तेथें, तो थांबला. सायकलच्या दिव्याच्या उजेडांत त्यानें टांच आपटून जमीन पाहिली.

“हें उकरलें तर पाणी लागेल का?” मीं विचारलें.

“नुसती माती नाहीं यांत. डबर आहे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. “दोन पुरुष तरी खालीं जावें लागेल.”

“पावसाआधीं होईल?”

“मेपर्यंत झालें तर.” त्यानें सायकल पुढें घेतली. “आणि तुझी मोटार?”

मी कांहीं उत्तर शोधीत होतों. तोंवर त्याचें फाटक आलें, व तो आंत गेला.